घरी खाण्यापुरत्या कोंबड्या पाळायच्यात, कोणती जात घेऊ?

प्रश्न (संगमेश्वर): घरामागे चार गुंठे मोकळी जागा आहे, कडेला आंबा-फणस. विकायचं काही नाही. घरात पाच माणसं, महिन्यातून दोनदा घरची कोंबडी मिळाली म्हणजे झालं. कोणी वनराज सांगतं, कोणी कडकनाथ, आई म्हणते गावठीच घे. की ब्रॉयलर आणू? पंचवीस पिल्लांचा विचार आहे.

उत्तर (कुडाळ): दादा, ब्रॉयलर नको. ४२ दिवसांत दोन किलो होतो खरा, पण विकतच्या खाद्यावर. परड्यात सोडलात तर चरत नाही, भांड्यापाशी बसून राहतो. जास्त दिवस ठेवलात तर वजन पायांना पेलत नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा. पाच-सहा महिने सांभाळून किलो-सव्वा किलो भरतो, पाच माणसांत एक पुरायचा नाही.

मी नऊ वर्षं वनराज ठेवतेय. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तो परसात पाळण्यासाठीच तयार केला. बंगळूरचा गिरिराजही त्याच कामाचा. तांदळाची कणी, घरातलं उरलंसुरलं आणि पाचोळा उकरून मिळालेले किडे यांवर माझा नर चार-साडेचार महिन्यांत दोन किलोच्या आसपास जातो. पण अंगाने जड. मुंगूस आला की गावठी कोंबडी फांदीवर चढते, वनराज खालीच सापडतो. कुंपण पक्कं हवं.

शिवाय वनराज मादी सहसा खुडूक बसत नाही. दोन गावठी कोंबड्या ठेवल्यात तर त्यांच्याखाली अंडी घालून २१ दिवसांत पिल्लं मिळतील, पण ती आईबापांसारखी वजनाला भरत नाहीत. मी दर वर्षी नवीन आणते.

एक मात्र ऐका. पहिल्या वर्षी मी भर जुलैत एक दिवसाची तीस पिल्लं आणली. तिसऱ्या रात्री लाईट गेली, उबेचा बल्ब बंद. सकाळी बघते तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. वरची बाजूला केली तर खाली अकरा चपटी होऊन पडलेली. काहींच्या अंगात अजून ऊब होती. तेव्हापासून पावसाळ्यात पिल्लं आणत नाही आणि कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई करते. तुम्ही पहिल्या खेपेला महिन्याभराची, लासोटा-गंबोरो या लशी झालेली पिल्लं घ्या. महाग पडतात, पण जगतात.

उत्तर (जुन्नर): ताईंचं बरोबर आहे. पण रश्श्याची चव गावरानचीच, तिथं आईंचं ऐका. गावरान कोंबडा पाच-सहा महिन्यांनी दीड किलोच्या आत भरतो, एवढाच हिशोब. आणि आठ-दहा आठवड्यांना मानमोडी (राणीखेत) रोगावरची आर-टू-बी लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्या. आमच्याकडे मानमोडी आली त्या वर्षी चार दिवसांत खुराडं रिकामं झालं. लस राहून गेली होती, अजून हळहळ वाटते.

प्रश्न (संगमेश्वर): दोघांचे आभार. पंचवीसांत माद्या निघाल्या तर त्याही कापायच्या का?

उत्तर (कुडाळ): नको हो! सहाव्या महिन्यापासून अंडी देतील. नर तेवढे कापा, तेही एकदम नाही, भरेल तसा एकेक. आदल्या संध्याकाळपासून त्याला दाणा नको, फक्त पाणी ठेवा. आतडी रिकामी असली की साफ करताना मांस खराब होत नाही. आणि पंचवीस नको, पंधराच आणा. दिवाळीनंतर आणलीत तर शिमग्यापर्यंत पहिला नर तयार होईल.