मदत हवी आहे: आलेखाच्या अक्षावरचं प्रमाण मुलांकडून पक्कं कसं करून घ्यावं?

आठवी-नववीच्या मुलांना बिंदू स्थापन करणं जमतं, अडतं ते प्रमाण, म्हणजे अक्षावर १ सेंमीला किती एकक मानायचे, हे ठरवताना. एक्सच्या १, २, ३, ४ या किमतींचे वर्ग १, ४, ९, १६. कोष्टकातले हेच आकडे मुलं वाय अक्षावर एकेक सेंमी अंतरावर लिहितात, आणि वक्र यायला हवा तिथे सरळ रेषा येते! ती सुबक दिसते, म्हणून चूक लक्षातच येत नाही. अक्ष आयते आखून दिले तर ही चूक टळते, पण मग प्रमाण निवडायला मुलं शिकतच नाहीत.

१ सेंमी = ३ एकक घेतलं की मिलिमीटरच्या आलेख कागदावर एक एकक सुमारे ३.३ मिमीचं होतं, बिंदू रेघांवर बसत नाहीत. २ किंवा ५ एकक घेतले तर नेमके बसतात. सर्वांत मोठ्या किमतीला उपलब्ध सेंमीने भागून उत्तर १, २, ५, १० यांपैकी लगतच्या मोठ्या संख्येवर न्यायचं, ही रीत सांगता येते.

पण समान अंतर म्हणजे समान फरक, हे रुजवणारा सराव कोणता? आधी संख्यारेषा घ्यावी, की चुकीचे आलेख देऊन दोष शोधायला लावावेत?