माझ्या पॅनवर भलत्यानेच लोन काढलंय, भरून मोकळा होऊ का?

वारजेकर_७८
मंडळी, डोकं बधिर झालंय म्हणून इथे लिहितोय. वारज्यात फ्लॅट बघितला, होम लोनसाठी बँकेत गेलो तर तिथला माणूस म्हणतो, सर सिबिल (कर्ज फेडण्याच्या इतिहासावरून मिळणारा स्कोअर) ६१२ आहे, एक पर्सनल लोन थकलंय. अहो मी जन्मात पर्सनल लोन घेतलेलं नाही! रिपोर्ट काढला तर कुठल्याशा ॲपवरून पाच महिन्यांपूर्वी १८ हजार उचललेत, पॅन माझा, जन्मतारीख माझी, मोबाईल नंबर मात्र भलताच. त्या कंपनीला फोन केला तर म्हणे २४ हजार भरा, दोन दिवसांत क्लोज करून देतो. बाबा म्हणतायत भर आणि मोकळा हो, बिल्डरला टोकन दिलंय आणि २० दिवसच आहेत. भाडेकरार, सिम, जिम, सगळीकडे आधार-पॅनच्या झेरॉक्सी वाटत फिरलोय, कुठून गेलं कोण जाणे. भरू का?

सिंहगडरोडकर
अजिबात नको!! बायकोच्या नावावर असंच झालं होतं, आम्ही ९ हजार भरले, कटकट नको म्हणून. रिपोर्टात 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलं) लागलं, ते बँकवाल्यांना थकबाकीइतकंच खुपतं, आणि तीन महिन्यांनी दुसरं लोन निघालं. पैसे भरलेस म्हणजे लोन माझंच होतं असं तूच कबूल केल्यासारखं होतं, मग कोणाशी भांडणार?
आजच्या आज सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाक, पोचनंबर जपून ठेव. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन पण आहे, पण तो पैसे नुकतेच गेले असतील तर जास्त कामाचा. आणि नुसत्या सिबिलवर थांबू नकोस, तसल्याच एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कंपन्या आहेत, चौघांचाही रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात एन्क्वायरीचा भाग नीट बघ, अजून कुठे कुठे तुझ्या नावाने लोन मागितलंय ते तिथे कळतं.

बिनकामाचा_वकील
वरच्यांशी सहमत. फोनवर काहीही बोलू नका, सगळं ईमेलवर, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. तीन गोष्टी मागा: लोन ॲग्रीमेंट, केवायसीचा फोटो, आणि पैसे कुठल्या खात्यात टाकले. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंगच्या (ॲपवरून कर्ज देण्याच्या) नियमांप्रमाणे पैसे कर्जदाराच्याच खात्यात जायला हवेत. तुमच्या खात्यात आलेच नाहीत ना, मग त्या महिन्याचं स्टेटमेंट जोडा आणि त्यांनाच उत्तर देऊ द्या.
सिबिलवर डिस्प्यूट ('हे लोन माझं नाही' अशी हरकत) टाका, पण सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, ते कंपनीलाच विचारतात. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं.
गुन्हा आयटी ॲक्टच्या ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं) खाली, ३ वर्षांपर्यंत कैद. चौकीत 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो तो) म्हणायचं आणि खुर्ची सोडायची नाही.

सदाशिवपेठी
झेरॉक्सवर आडवं 'फक्त भाडेकरारासाठी', खाली सही आणि तारीख. आम्ही हे करायचो तेव्हा पोरं हसायची. असो. आता आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढे द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, शेवटचे चार आकडेच दिसतात. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघा, फुकट आहे, आम्हाला फुकटचं बरोबर माहीत असतं.

वारजेकर_७८
अपडेट. संचार साथीवर माझ्या नावावर चार नंबर निघाले!! माझे दोनच. उरलेल्या दोनातला एक तोच, रिपोर्टातला. दोन्हींवर 'माझा नंबर नाही' टाकलं. पोर्टलवर तक्रार झाली, काल सायबरला प्रत्यक्ष पण जाऊन आलो, तीन तास बसवलं पण अर्ज घेतला. कंपनीचा मेल आलाय, पैसे ज्या खात्यात गेले ती बँकच माझी नाही, माझं तिथे खातंच नाही. तोच मेल डिस्प्यूटला जोडला. होम लोनवाला म्हणाला पोचनंबर आणि हा मेल द्या, फाईल बंद करत नाही पण सिबिल सुधारेपर्यंत सँक्शनचं विचारू नका. बिल्डरकडून १५ दिवस वाढवून घेतलेत, हातापाया पडून.
बाबा अजून भर म्हणतायत. त्यांना पेठेतल्या काकांचा रिप्लाय वाचून दाखवला तर म्हणाले, हा माणूस बरोबर बोलतोय, याला विचार किती भरायचे ते.