मदत हवी आहे: निसर्गनोंदी लिहिणाऱ्या भाच्यासाठी

माझा भाचा नववीत आहे, भीमाशंकरच्या जंगलाला लागून असलेल्या गावात वाढलाय. वहीत रोज काही ना काही लिहितो: शेकरूने एकाच झाडावर बांधलेली दोन घरटी, पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं उजळवणारे काजवे, शेवळांच्या भाजीत खाज जाण्यासाठी आजी काकडं (काकड झाडाची आंबट फळं) का घालते. लिखाण खरंच सुरेख आहे. मामा म्हणून म्हणत नाही, वाचताना मला ते रान दिसतं.

अडचण अशी की झाडांची, पाखरांची नावं त्याला आजीकडून मिळालेली आहेत. मोबाइलवरचं ॲप इंग्रजी किंवा लॅटिन नाव देतं आणि गावातलं नाव त्या ॲपला ठाऊकच नसतं. शाळेत त्याला 'प्रमाण नावं लिही' असं सांगितलं गेलं, तेव्हापासून तो बिचकत लिहितो. माझ्या मते गावातलं नाव आधी यावं आणि शास्त्रीय नाव सोबत असावं.

जुन्नर-आंबेगाव भागातली स्थानिक नावं शास्त्रीय नावांशी जुळवून देणारं पुस्तक किंवा यादी कुणाला माहीत आहे का? इथे वनस्पतिशास्त्राचे कुणी शिक्षक असतील तर फोटो पाठवले तर ओळख पटवून द्याल का? शिवाय कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं. अशा गोष्टींची नोंद वर्षानुवर्षं कशी ठेवावी, तारीख आणि जागेखेरीज काय लिहावं, हेही कृपया सांगा. मुलांचं असं लेखन छापणारी मराठी मासिकं कोणती?