अनुभव धागा : भामरागड-सिरोंचा पट्टा, ठाऊक असेल ते लिहा

गणेशपेठकर : भामरागडच्या पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी वाचली आणि तो सगळा मुलूख पुन्हा आठवला. नागपुरात गडचिरोली म्हटलं की लोक नक्षलवादावरच थांबतात, हे मनाला लागतं. १४,४१२ चौ. किमीचा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत चौ. किमीमागे ७४ माणसं, राज्याची सरासरी ३६५. जाणकारांनी भर घाला.

पामुलगौतम : पूल पर्लकोटेमुळे नाही, इंद्रावतीमुळे बुडतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे सरकतं आणि बाजारपेठेत शिरतं. म्हणून भामरागडचं आभाळ पाहून निघू नये. जगदलपूरकडे, म्हणजे इंद्रावतीच्या वरच्या अंगाला, पाऊस किती झाला ते आधी विचारा. इकडे लख्ख ऊन असतं अन् पाणी चढतच राहतं.

वडसा लाईन : +१. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेचंही तसंच, नाल्यांत पाणी उलटं भरतं आणि गडचिरोली-चामोर्शी रस्ता बंद. विसर्गाचा आकडा पाहूनच गाडी काढा. पेट्रोलची टाकी आलापल्लीतच भरून घ्या जी.

उमरेड रोड : सिरोंचा एकेकाळी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं, अप्पर गोदावरी जिल्ह्याचं! इंग्रजांना चांद्याकडचा (आताच्या चंद्रपूरकडचा) कापूस गोदावरीतून समुद्राकडे न्यायचा होता. दुम्मागुडम, इंचमपल्ली, देवलमरी या तीन ठिकाणी खडकांनी वाट अडवली. कालवे आणि बंधाऱ्यांवर खर्च करून १८७१ मध्ये काम सोडलं. ते जमलं असतं तर सिरोंचा आज आडबाजूला पडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

धंतोली_डॉक : तिकडून आल्यावर ताप आला तर दोन आठवडे उलटलेत म्हणून मलेरिया नाही असं धरू नका. फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार, असतो तिकडे. त्याच दिवशी रक्त तपासा, जंगलपट्ट्यातून आलोय हे आपणहून सांगा. एक तपासणी निगेटिव्ह आली अन् ताप टिकला तर पुन्हा करा. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली हवी, नुसती सोडलेली नको.

महुआ : तेंदूपत्त्याचं, म्हणजे विडीच्या पानाचं, कोणी लिहिलं नाही? फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, मेमध्ये कोवळं पान येतं. ७० पानांचा पुडा, देठं एका बाजूला, सालीच्या दोरीनं बांधलेला. फळीवर उन्हात मांडून उलटावा लागतो. अवकाळी एक सर आली तरी पानावर काळे डाग पडतात आणि भाव जातो. १,००० पुड्यांची गोणी.

गणेशपेठकर : @महुआ, मस्त! मोहफुलांवरही लिहा ना.

महुआ : रात्री लिहितो बाप्पा, भात लावलाय.

सक्करदरा : थोडं विषयांतर. मुलीच्या शाळेला सिरोंच्याचे डायनोसॉर दाखवायचेत. काय आहे तिथं?

उमरेड रोड : वडधमला फॉसिल पार्क आहे. पण सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ मिळालेला बारापासॉरस या डायनोसॉरचा सांगाडा कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. मुलांना आधीच सांगा, नाहीतर हिरमुसतील. आणि पावसाळा टाळा, जानेवारी बरा. नागपूरहून साडेतीनशे किमीच्या वर आहे, एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही. मुक्काम धरा.