कफलिंक्सवर नांगर, पोर्सिलेनच्या बाहुलीवरही नांगर: दोन्हींचा अर्थ एकच का?

शिंपली:

नमस्कार मंडळी. जुने इंग्लिश दागिने आणि पोर्सिलेन जमवायला लागून मला दोन वर्षं झाली. आतापर्यंत वाचून, विचारून काम भागलं, पण या वेळी खरंच अडले आहे.

गेल्या महिन्यात एकाच विक्रेत्याकडून चार वस्तू घेतल्या.

पहिली, सोन्याच्या कफलिंक्सची जोडी. लंबगोल चकत्या, दोन-दोन चकत्या बारीक साखळीने जोडलेल्या. मागे 15 आणि .625 असे आकडे, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर. चारपैकी तीन चकत्यांवर ठसे आहेत, चौथी कोरी.

दुसरी, मेंढपाळ मुलीची बाहुली. पाठीमागे फुलांनी डवरलेलं झुडूप, बैठकीच्या मागच्या बाजूला सोनेरी नांगर, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. विक्रेत्याने लंडनच्या जुन्या चेल्सी पोर्सिलेन कारखान्याचं नाव घेऊन छातीठोकपणे सांगितलं, "चेल्सी, 1760च्या आसपासची."

तिसरी, रॉयल वूस्टरची कपबशी. खुणेच्या मधोमध 51 आहे, म्हणजे 1851 धरायचं का? भोवती बारीक ठिपके आहेत.

चौथ्या वस्तूबद्दल लिहितानाही वाईट वाटतं. गुलाबी खड्यांचा जुना ब्रूच होता, मागून पूर्ण बंद कोंदणाचा. मळकट दिसला म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला. बाहेर काढला तर सातपैकी तीन खडे राखाडी पडलेले. पुसले, वाळवले, फरक नाही. हे कशाने झालं?

भिंगवाला:

ताई, नांगर दोन्हीकडे असला तरी एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

कफलिंक्सवरचा नांगर म्हणजे सोन्याचांदीचा कस तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कचेरीचा शिक्का. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, मग नांगर कसा? कथा अशी सांगतात की बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या कारागिरांनी स्वतःच्या कचेऱ्यांसाठी लंडनला खटपट केली तेव्हा त्यांच्या बैठका 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत व्हायच्या. 1773मध्ये दोन्ही कचेऱ्या सुरू झाल्या. शेफील्डने मुकुट घेतला, बर्मिंगहॅमने नांगर. कथा खरी-खोटी कशीही असो, शिक्के खरे आहेत. लंडनचं बिबट्याचं तोंड आणि एडिंबराचा किल्ला हेही ओळखायला शिका, सारखे भेटतील.

तुमच्या जोडीत मला नांगरापेक्षा .625, म्हणजेच 15 कॅरेट, जास्त मोलाचं वाटतं. 15 कॅरेटचा दर्जा ब्रिटनमध्ये 1854ला आला आणि 1932ला बंद झाला, त्याच्या जागी 14 कॅरेट आलं. म्हणजे अक्षर न वाचताच तुमच्या हाती 1854 ते 1932 एवढी मुदत आली. नेमकं वर्ष ते अक्षर सांगेल, पण नुसतं 'हे अमुक अक्षर आहे' एवढ्याने भागत नाही. वळण कसं आहे, मोठं की लहान, भोवतीच्या चौकटीचे कोपरे कापलेले की गोल, हे सगळं पाहावं लागतं, कारण तेच अक्षर काही वर्षांनी वेगळ्या चौकटीत परत येतं. शिवाय प्रत्येक कचेरीचा क्रम वेगळा, म्हणून तक्ता बर्मिंगहॅमचाच घ्या.

आता बाहुली. मला तिची काळजी वाटते. चेल्सीचा सोनेरी नांगर साधारण 1756 ते 1769 या काळातला. खरा नांगर फार लहान असतो, बहुतेकदा अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि शोधावा लागेल अशा जागी काढलेला. चटकन नजरेत भरणारा, ठसठशीत नांगर दिसला की मी वस्तू उलटी करतो आणि खूण विसरून माती बघतो. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने 1845पासून जुन्या पोर्सिलेनच्या नकला केल्या, चेल्सीच्या खुणेसकट. इतरही कारखान्यांनी केल्या. तेव्हा सोनेरी नांगर असलेल्या बाहुल्या चेल्सीने घडवल्या त्याहून कितीतरी जास्त फिरताहेत.

तळाला किंवा झुडपाच्या एखाद्या पाकळीला टवका उडालाय का बघा. चेल्सीची माती मऊ जातीची. टवक्याच्या जागी साखरेच्या वडीसारखी रवाळ दिसते. सॅमसनची कडक माती, तिचा टवका काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत. झिलईही बघा. त्या काळातल्या चेल्सीची झिलई जाड, कपड्यांच्या चुण्यांत साचून राहिलेली असते. नवा टवका मात्र पाडू नका, कानस तर अजिबात लावू नका. पूर्वी काही संग्राहक कानस लावून परीक्षा करत. त्या खुणा बघितल्या की जीव तुटतो.

कपबशीचा 51 म्हणजे 1751, कारखाना सुरू झाला ते साल. बनवण्याचं वर्ष ठिपक्यांत आहे. 1892ला एक ठिपका, मग दरवर्षी एक वाढवत गेले. कपाचे आणि बशीचे वेगवेगळे मोजा.

डाख:

मी जुन्या दागिन्यांची दुरुस्ती करते, म्हणून ब्रूचबद्दल लिहिते. शिंपलीताई, मागून बंद कोंदणात खड्याची चमक खड्याची एकटीची नसते. त्याच्या खाली रंगीत वर्ख घातलेला असतो, उजेड त्यावरून परत येतो. कडेच्या फटीतून पाणी आत शिरलं की वर्ख काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. पुसून किंवा वाळवून तो परत येत नाही. खडा काढून नवा वर्ख घालता येतो, पण जुन्या कडा इतक्या पातळ असतात की उघडताना मोडतात. हे काम बंद कोंदणात हात बसलेल्या माणसाकडेच द्या, नाहीतर ब्रूच आहे तसा ठेवा. बाकीचे चार खडे शाबूत आहेत, ते जपा. अर्धे मोती चिकटवलेला दागिना, केसांची वेणी काचेखाली ठेवलेला शोकाचा ब्रूच, पिरोजा, यांपैकी कशालाही पाणी लावू नका. कोरडा मऊ कुंचला पुरे.

कफलिंक्सची चौथी चकती कोरी आहे म्हणून लगेच घाबरू नका, पण दोन्ही बाजू वेगवेगळ्या तोला. फरक जाणवण्याइतका असला तर संशय घ्या. मग साखळीच्या कड्या बघा. सोन्याचा डाख सोन्यात मिसळून जातो. कडीच्या सांध्यावर राखाडी गोळी दिसली तर कुणीतरी नंतर शिशाकथलाने जोडलंय. जुन्या जोड्यांत एक चकती हरवायची आणि नवी करून घ्यायचे, तसं असू शकतं. मूळ मालकाची आद्याक्षरं कोरलेली असतील तर चारही चकत्यांवरच्या रेघांची खोली ताडून पाहा.

शिंपली:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं टेबलावर मांडून बसले.

कपाखाली अकरा ठिपके, बशीखाली चौदा. दोनदा मोजले. म्हणजे कप 1902चा, बशी 1905ची? दोन्हींवरची फुलं मात्र इतकी जुळतात की मला कधीच शंका आली नसती.

कफलिंक्स: कोऱ्या चकतीची बाजू किंचित हलकी आहे. त्या बाजूच्या साखळीच्या शेवटच्या कडीवर डाखताई म्हणतात तशी राखाडी गोळी आहे. आद्याक्षरं तीन चकत्यांवर खोल, चौथीवर उथळ आणि कडा टोकदार.

बाहुलीच्या बैठकीखाली मसुराएवढा टवका सापडला. दहापट भिंगातून बघितला. काचेसारखा चकाकतो. रवा कुठेच नाही.

भिंगवाला:

ठिपके बरोबर वाचलेत. फुटलेल्या बशीच्या जागी त्याच नक्षीची तीन वर्षांनंतरची बशी आली असेल, असं खूप घडायचं. दोन्ही वस्तू अस्सल आहेत, फक्त जन्मजात जोडी नाही. वहीत दोन्ही सालं स्वतंत्र लिहा.

बाहुली चेल्सीची नाही. कुठल्या कारखान्याची हे टवक्यावरून सांगता येत नाही. बैठकीच्या मागे झिलई घासून काढल्यासारखी जागा आहे का, तिरप्या उजेडात बघा. सॅमसनची स्वतःची खूण कधीकधी तशी पुसलेली असते. आणि विक्रेत्याने चेल्सी म्हटलं होतं ना? पावतीवर काय शब्द आहेत ते आधी वाचा, मग त्याच्याशी बोला.

शिंपली:

पावती काढली. कफलिंक्सपुढे कॅरेट आणि वजन, कपबशीपुढे 'रॉयल वूस्टर'. बाहुलीपुढे 'चेल्सी पद्धतीची, सोनेरी नांगरासह'. 1760 कुठेही नाही. 'पद्धतीची' हा शब्द मी त्या दिवशी वाचला होता आणि मला तो खटकला नव्हता.

तरी उद्या फोन करून विचारणार आहे, कारण तोंडी 'चेल्सी' असंच सांगितलं होतं. घासलेली जागाही सापडली: नांगराच्या डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी, हाताला खरखरीत लागणारी.