शकुंतला इंग्रजांनी नाही, आपण बुडवली

मूर्तिजापूर_जंक्शन
आज सकाळपासून तिसऱ्यांदा तीच पोस्ट आली: 'भारतातली शेवटची गुलाम रेल्वे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतलेसाठी आजही दरवर्षी एक कोटीच्या वर रुपये ब्रिटनला जातात.' खाली संतापलेल्या चेहऱ्यांची रांग. आमचं घर शकुंतलेच्या नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद, रुळाला लागून आहे, म्हणून हे मला गिळवत नाही.

किलिक निक्सन ही मुंबईची पेढी, १८५७ सालची. तिनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. अचलपूरची लाईन १९१३ ला सुरू झाली, यवतमाळची १९१६ ला, पुलगाव–आर्वी १९१७ ला. लाईन कंपनीची, गाडी जीआयपी (मुंबई–नागपूर मेन लाईनवाली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) चालवणार आणि कमाईतला वाटा कंपनीला, असा करार. अशा शाखा-लाईनी तेव्हा देशभर निघाल्या. सुरत–अमळनेरची तापी व्हॅली रेल्वेसुद्धा याच किलिक निक्सनची. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय मालकांकडे आली आणि १९७० ला मॅनेजिंग एजन्सीची, म्हणजे अशा पेढ्यांनी दुसऱ्या कंपन्या चालवण्याची, पद्धतच कायद्यानं संपली. मग लंडनला पैसे कोण नेतंय?

१९५१ ला जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण शकुंतलेचा करार तसाच राहिला. दर दहा वर्षांनी तो नव्यानं व्हायचा आणि दर वेळी सही आपल्याच सरकारची असायची. 'गुलाम रेल्वे' म्हटलं की त्या सह्या करणारे मोकळे सुटतात. माझा राग त्याचा आहे.

पऱ्हाटीवाला_कारंजा
भाऊ, तुमचा अभ्यास चांगला हाये, पण मले एक सांगा. पैसा लंडनले गेला का मुंबईले गेला, आमच्या कारंज्याच्या स्टेशनाले त्याचा काय फरक पडला? गाडी धावो का बसो, कंपनीले वाटा पाहिजे. ज्यानं एक स्लीपर बदलला नाही, त्याले तुम्ही सोडून देऊन रायले. अन् ही लाईन काही आमच्यासाठी नोती. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मेन लाईनवर न्यायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. माहा आजा सांगे, गाठी पहिले चढत, माणसं मागून. आज कापूस खाजगीत कोणत्या भावानं जातो ते पाहा. पेरा आम्ही, वेचा आम्ही, अन् भाव ठरवणारा दुसराच. तेव्हाही तेच, आताही तेच.

मूर्तिजापूर_जंक्शन
कापसाचं मान्य. पण मँचेस्टरच्या त्या कथेत लोक अमेरिकेतलं यादवी युद्ध घुसडतात, की तिकडचा कापूस अडला म्हणून वऱ्हाडात शकुंतला आली, ते चूक. ते युद्ध १८६५ ला संपलं. त्या काळाची रेल्वे म्हणजे जीआयपीची मेन लाईन, जी १८६७ ला नागपूरला पोचली, आणि १८७० ची जलंब–खामगाव शाखा. शकुंतला त्यानंतर चाळीस वर्षांनी आली.

इंजिनवेडा_अमरावती
सगळे पैशावर भांडताहेत, इंजिनाबद्दल कोणी बोलत नाही. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन या लाईनीवर सत्तर वर्षं चाललं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. मी तेव्हा दहावीत होतो. वडिलांनी मुद्दाम मूर्तिजापूरच्या शेडमध्ये नेलं होतं. ड्रायव्हरनं मला फावडंभर कोळसा टाकू दिला आणि हाताची कातडी भाजल्यासारखी झाली, ते अजून आठवतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ७६२ मिलिमीटरचा रूळ आहे तसा ठेवा, वाफेवर चालवा. दार्जिलिंग, माथेरान जगू शकतं तर अचलपूर का नाही? तिथून पुढे चिखलदरा आहे. तेच इंजिन मी मोतीबागच्या संग्रहालयात पाहिलंय, फोटो लावतो.

मूर्तिजापूर_जंक्शन
फोटो पाहिला. ते शकुंतलेचं नव्हे. २००२ चं मोतीबाग संग्रहालय नागपूरचं, तिथली नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेची. आपलं मोतीबाग म्हणजे दारव्हा मोतीबाग. नावं सारखी, रेल्वे वेगळ्या.

इंजिनवेडा_अमरावती
बरं, फोटो काढतो. मुद्दा बदलत नाही.

दर्यापूरची_लेक
मुद्दा बदलतो दादा. माझं माहेर दर्यापूर, सासर पथ्रोटच्या अलीकडे. मूर्तिजापूरहून चार तासांत अचलपूर, तेही गाडी वेळेवर निघाली तर. गार्डदादाच तिकीट फाडायचे, फाटक आलं की खाली उतरून तेच बंद करायचे, गाडी पुढे गेली की उघडायचे आणि मग डब्यात चढायचे. अंजनगावच्या विड्याच्या पानांचे करंडे, संत्र्यांची पोती, शाळेची पोरं, सगळं एकाच डब्यात. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून मजूर बायका तिच्यानंच जायच्या. गाडी बंद झाल्यावर माझ्या सासूबाईंनी माहेरी जाणंच कमी केलं. बसचं भाडं मुलाकडे मागावं लागायचं, ते त्यांना आवडायचं नाही. तुम्हाला वाफ पाहिजे, आम्हाला सकाळी अकोल्याच्या दवाखान्यात पोचवणारी गाडी पाहिजे. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना पंधराशे कोटींच्या ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळाची, घोषणा झाली होती. त्याचं काय झालं, ते विचारा.

पुसदकर
तुमच्याकडे बंद पडायला काहीतरी होतं तरी. दारव्ह्याहून पुसदला नॅरोगेज होती, हे इथल्या एकालाही आठवलं नाही. ती कधीच उखडली गेली. आमच्या पिढीनं रूळ पाहिला नाही, फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड ही नवी लाईन, २८४ किलोमीटर, २००८-०९ ला मंजूर. फेब्रुवारी २०२४ ला वर्धा–कळंब गाडी सुरू झाली, हारतुरे झाले. पुसद कधी? माझ्या काकाची जमीन त्यात गेली. ओलिताचं शेत, विहीर, मोसंबीची झाडं, आणि कागदावर कोरडवाहू लिहिलं. दुरुस्तीसाठी तीन वर्षं एका कार्यालयाचे उंबरे झिजवले. मोबदला हातात आला तोवर काका राहिले नव्हते. आणि इथे वाफेच्या इंजिनासाठी रडणं चाललंय.

यवतमाळ_टेकडी
काकांचं वाईट वाटलं. पण पुसदनं हे गाऱ्हाणं आमच्यापुढे मांडू नये. दोन मुख्यमंत्री पुसदचे, वसंतराव आणि सुधाकरराव नाईक. वसंतराव तर १९६३ ते १९७५ सलग. तेव्हा रूळ टाकायला कोणी हात धरला होता?

पुसदकर
नाईकसाहेबांचं नाव मध्ये आणू नका. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी रोजगाराच्या कामावर खडी फोडायला होती, त्याच मजुरीवर घर जगलं. संकरित ज्वारी आमच्या शेतात त्यांच्यामुळे आली. रेल्वे दिल्लीच्या हातात असते, एवढं तरी समजून घ्या.

यवतमाळ_टेकडी
दिल्लीच्या हातात असते तर मग शकुंतलेचा दोष आमचा कसा? एकीकडे धाग्याचं नाव 'आपण बुडवली', दुसरीकडे पुसदचं आलं की दिल्ली! आणि ओलिताची जमीन कोरडवाहू दाखवली, त्यात यवतमाळच्या माणसाचा काय संबंध?

पुसदकर
संबंध एवढाच, की यवतमाळपर्यंत काही आलं की तुमचा जिल्हा संपतो. खाली दिग्रस, पुसद, उमरखेड आहे हे तुम्हाला निवडणुकीत आठवतं.

दर्यापूरची_लेक
तुम्ही दोघं एकाच जिल्ह्यातले ना? मग कळंबच्या पुढच्या कामासाठी एकत्र जा ना कोणाकडे तरी.

पऱ्हाटीवाला_कारंजा
जंक्शनभाऊ, तुम्ही माह्या प्रश्नाले बगल दिली. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ ले बंद झाली, तिथी आता ब्रॉडगेज धावते. नागपूर–नागभीड २०१९ ले बंद केली, तिचंही काम काढलं. काहून? त्या लाईनी रेल्वेच्या सोताच्या होत्या. शकुंतला कंपनीची, म्हणून कोणी हात लावेना. मालक दुसरा असला की असंच होते. बटाईच्या वावरात कोणी विहीर खोदते का?

मूर्तिजापूर_जंक्शन
हे मला लागलं. दुपारभर विचार केला. छिंदवाड्याचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, कबूल. मालकी कंपनीची राहिली नसती तर आपलं काम कदाचित आधी निघालं असतं. पण बटाईचं वावर विकत घेता येत होतं की नाही? दहा दहा वर्षांनी करार पुढे ढकलणारे आपलेच होते, त्यावर मी ठाम आहे. कंपनीला सोडत नाही, पण पहिला नंबर तिचा नाही.

पऱ्हाटीवाला_कारंजा
दुसरा नंबर तरी दिला, लय झालं.

इंजिनवेडा_अमरावती
ताईंचं वाचून रात्री नीट झोप लागली नाही. ब्रॉडगेज होऊ द्या. फक्त अचलपूर ते पथ्रोट एवढा तुकडा नॅरोगेज ठेवता येईल का, इतकंच म्हणतो.

दर्यापूरची_लेक
ब्रॉडगेज पथ्रोटपर्यंतच का? मग आम्ही उतरून पुढे काय, चालत जायचं? आधी पूर्ण लाईन, मग तुमचा तुकडा. जागा उरली तर ठेवा.

पुसदकर
जमिनीच्या मोबदल्यावर वेगळा धागा काढतो. कोणाची ओलिताची नोंद दुरुस्त झाली असेल तर कोणते कागद लावले ते तिथे सांगा. यवतमाळ_टेकडी, तुम्हीही या.