मदत हवी आहे: पंचगंगेच्या पूरक्षेत्रात भराव पडतोय, दाद कुठं मागायची?

मळीवाला:
गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. आमच्या मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानाला लागून वरच्या अंगाला एका पार्टीनं जमीन घेतलीय आणि रात्री डंपर येतायत. तांबडा मुरूम, त्यात पाडलेल्या घरांच्या विटा, फरशीचे तुकडे. भराव उभ्या उसाच्या वर गेलाय. मधून जाणाऱ्या ओढ्याच्या तोंडाला सिमेंटचे दोन पाइप घालून वरनं रस्ता केला. पावसाळ्यात म्हैस ओढून नेणारा ओढा आता त्या दोन पाइपांत मावणार म्हणे! गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडणार अशी गावात बोलवा आहे.

२०१९ ला आणि २०२१ ला हे सगळं रान पाण्याखाली होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, २०२१ ला पाणी ५६ च्या वर गेलं. तिथलं पाणी आता आमच्या वस्तीत शिरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

ग्रामपंचायत म्हणते बांधकामच नाही, मग परवानगी कसली? तलाठी म्हणतात जमीन त्यांच्या मालकीची. तहसीलला रॉयल्टीची पावती दाखवली, विषय मिटला. पाटबंधारेवाले म्हणतात आम्ही पूररेषा आखतो, पाडापाडी आमच्याकडं नाही.

तो गट निळ्या पूररेषेत येतो हे कागदावर कोण देईल? आणि घर न बांधता नुसता भराव असेल तर तो अडवता येतो का? पार्टीचं नाव कृपया विचारू नका, गावात राहायचंय.

निवृत्त ओव्हरसियर:
रॉयल्टीची पावती मुरूम काढून वाहून नेल्याची असते. तो नदीच्या पात्राकडेला ओतायची मुभा तिच्यात नाही, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.
निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. काठापासून निळ्यापर्यंत निषिद्ध क्षेत्र: बाग, पार्किंग, स्मशानभूमी असलं काही चालतं, नवीन घरं नाहीत. निळी ते लाल नियंत्रित. तिथं बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. माझं विचाराल तर या अटीनंच भरावाला आवतण दिलंय. जो तो आपली जमीन उंच करतो आणि पाणी शेजाऱ्याकडं ढकलतो.
पाटबंधारे विभागाला गट नकाशा जोडून 'सदर गट पूररेषेत येतो किंवा कसे' असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. नगररचनेकडून झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापराची आहे त्याचा) वेगळा काढा. गाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत आहे का? असेल तर कारवाईचा अर्ज तिकडं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडं. ग्रामपंचायतीत हेलपाटे बंद करा.

पिंपरीकर:
आमच्याकडं पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले. हरित लवादाचा (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही टिकला. तुटली ती राहत्या लोकांची घरं. म्हणून प्लॉट विकायच्या आत हालचाल करा. लवादाचं पीठ पुण्यात आहे, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायची मुदत असते. ओढ्याच्या पाइपांचे तारखेसकट फोटो आजच काढा.

मळीवाला:
आभार. गाव ४२ मध्ये आहे. पाटबंधारेला अर्ज द्यायला गेलो तर त्या गटाची मोजणी आणा म्हणाले. दुसऱ्याच्या गटाची मोजणी मला कशी मिळणार?

निवृत्त ओव्हरसियर:
नाही मिळणार, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. स्वतःच्या गटाची मोजणी लावा, लगतची हद्द तीत येतेच. अर्जात मागणी एवढीच ठेवा: विभागानं जागेवर येऊन भरावाचे तलांक (उंचीची मापं) घ्यावेत आणि ओढ्याची मूळ रुंदी गाव नकाशावरून ताडून पाहावी. पंचनाम्याला हजर राहा, सहीशिवाय उठू नका.